पुढच्या हंगामाचं देणं

१९ मे २०१३. गहुंजेच्या स्टेडियमवर पुणे वॉरियर्स विरुद्ध दिल्ली डेअरडेव्हिल्स. आयपीएलची साखळी संपत आलेली. नऊ संघांच्या तक्त्यात हे दोघे सगळ्यात खाली, दोघांचेही १५ सामन्यांत फक्त ३ विजय. प्लेऑफचा प्रश्नच नव्हता. जो हरेल तो शेवटचा, जो जिंकेल तो शेवटून दुसरा, एवढाच काय तो हिशोब.

पुणे ३८ धावांनी जिंकलं.

दोन दिवसांनी संघाचे मालक असलेल्या सहारा समूहाने आयपीएलमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयने करार रद्द केला. पुणे वॉरियर्स हा संघ त्यानंतर कधीच खेळला नाही. म्हणजे आयपीएलमधल्या सगळ्यात रडक्या संघांपैकी एक असलेला हा संघ आपला शेवटचा सामना जिंकून संपला. आज ही गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात नाही. लक्षात आहे ते २३ एप्रिल २०१३ ला बेंगळुरूत ख्रिस गेलने याच संघाविरुद्ध ६६ चेंडूंत ठोकलेले नाबाद १७५.

त्या ३८ धावांच्या विजयाचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. तो कुठल्या खात्यात जमा करायचा? ज्या संघाला पुढचा हंगामच नाही, त्याचा विजय कुणाचा? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जी माणसं तीन वर्षं या संघाच्या मागे उभी राहिली, त्यांचं कुणी काही देणं लागत होतं का?

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न वाटेल. क्रिकेटच तर आहे. पण आपण आयुष्यात कशाला ना कशाला चिकटून राहतो. एखादी संघटना, एखादी कंपनी, एखादं गाव, एखादं अ‍ॅप. आणि चिकटून राहण्याची खरी परीक्षा वाईट हंगामातच होते. म्हणून हा प्रश्न जरा गंभीरपणे घेऊ.

बारा विजयांचा संसार

आधी आकडे बघू. २०१० मध्ये सहाराने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना घेतला, म्हणजे तेव्हाचे सुमारे १,७०० कोटी रुपये. आयपीएलमधला तोवरचा सगळ्यात महाग संघ. २०११ मध्ये १४ सामन्यांत ४ विजय, दहा संघांत नववा नंबर. २०१२ मध्ये १६ सामन्यांत ४ विजय, नऊ संघांत नववा. २०१३ मध्ये १६ सामन्यांत ४ विजय, नऊ संघांत आठवा. तीन वर्षं, ४६ सामने, १२ विजय. सातत्य म्हणाल तर हेच.

कारणंही होती. पहिल्या वर्षीचा कर्णधार युवराज सिंग २०१२ च्या सुरुवातीला कॅन्सरच्या उपचारासाठी गेला. मग गांगुली कर्णधार झाला. २०१३ च्या एकाच हंगामात अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि आरोन फिंच असे तीन कर्णधार झाले. पहिल्या वर्षी तर संघाला पुण्यात मैदानच नव्हतं, घरचे सामने नवी मुंबईत. पुणेकरांना आपला संघ पुण्यात बघायला २०१२ उजाडलं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पुणे वॉरियर्स हरले म्हणून बंद पडले नाहीत. दिल्ली त्या वर्षी त्यांच्याही खाली होती, ती आजही नाव बदलून खेळते आहे. पुण्याचा संघ बंद पडला तो पैशांच्या भांडणात. सहाराचं म्हणणं असं की, बोली लावली तेव्हा जेवढे सामने होतील असं गृहीत होतं, त्यापेक्षा कमी सामने मिळाले, म्हणून फी कमी करा. वाद मिटला नाही. पूर्ण फी भरली नाही म्हणून मे २०१३ मध्ये बीसीसीआयने बँक गॅरंटी वटवली आणि समूहाने हात झटकले. त्याच काळात गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१२ चा आदेशही समूहाच्या डोक्यावर होता.

या सगळ्या कागदपत्रांत, पत्रव्यवहारांत, लवादाच्या मागण्यांत दोन पक्ष होते. मालक आणि बोर्ड. तिसरा पक्ष नव्हता. स्टँडमध्ये आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला त्या भांडणात खुर्चीच नव्हती.

अर्जुनीत पुण्याचा संघ

मी तेव्हा अर्जुनी मोरगावला शाळेत होतो. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनीवरचं आमचं गाव. एका बाजूला नवेगावबांधचं जंगल, एका बाजूला इटियाडोह धरण, आणि सगळीकडे धान. पुणे आमच्यासाठी जवळजवळ परराज्य. तरी २०११ मध्ये पुण्याचा संघ आला तेव्हा आम्ही तीन-चार पोरांनी तो आपला मानला. मुंबईचा संघ आधीच जिंकणाऱ्यांचा होता. नागपूरचा संघ नव्हता. विदर्भाचा उमेश यादव खेळायचा तो दिल्लीकडून. मग नवीन आलेला, अजून कुणाचाच नसलेला पुण्याचा संघ आम्ही घेतला. त्याला याहून मोठं कारण नव्हतं.

पानठेल्यावरच्या टीव्हीवर सामना लागायचा. तिथली मोठी माणसं विचारायची, "का गा, आज किती रननं हारला तुमचा पुना?" आम्ही उत्तर द्यायचो, "अजून हारला नाही, दहा ओव्हर बाकी आहेत." मग तोही हरायचा.

माझ्या एका मित्राने २०१२ च्या मध्यातच संघ बदलला. तो म्हणाला, "जिंकतो त्याच्याकडून राहावं, झोप चांगली लागते." त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्याने कुणाला फसवलं नाही, कुणाचं नुकसान केलं नाही. आणि आम्ही राहिलो, त्यात तरी काय मोठं केलं? संघाला आमचं नावही माहीत नव्हतं.

इथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. हरणाऱ्याच्या बाजूने टिकून राहणं हा गुण आहे की नुसता हट्ट?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा सोप्या शब्दांत असा. एखादी संस्था ढासळायला लागली की आपल्यापुढे दोन रस्ते असतात. निघून जा, किंवा आवाज उठवा. निष्ठा म्हणजे तिसरा रस्ता नव्हे. निष्ठेमुळे आपण लगेच निघून जात नाही, आणि थांबल्यामुळे आवाज उठवायला वेळ मिळतो. म्हणजे निष्ठेची किंमत तिच्यामुळे सुधारणेला जो वेळ मिळतो, त्यात आहे.

मला हे पटतं. पण मग पुणे वॉरियर्सच्या चाहत्याचं बघा. तो निघून गेला तर संघाला कळत नव्हतं. तो ओरडला तर ऐकायला कुणी नव्हतं. आणि तो थांबला तर त्याने मिळवून दिलेला वेळ वापरणार कोण, तर ज्याला दोन वर्षांत करारातून बाहेर पडायचं होतं तो. अशा ठिकाणी निष्ठा हा गुण असला तरी त्याला धरायला समोर काही नसतं. एका हाताने टाळी वाजवण्यासारखं ते.

म्हणून मला वाटतं, 'चाहत्याने थांबावं का' हा प्रश्न आपण उगाच एकट्या चाहत्याला विचारतो. तो दोघांना विचारायला हवा. थांबणाऱ्यालाही, आणि ज्याच्यासाठी थांबायचं त्यालाही.

हंगाम हा शब्द कुठला?

मराठीत क्रिकेटचाही हंगाम असतो आणि धानाचाही. आपण दोन्हीकडे तोच शब्द वापरतो. पण अर्थ एकच आहे का?

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे टाकतात. पाऊस नीट झाला की बांध्यांत चिखल करून रोवणी. मग दिवाळीच्या आगेमागे कापणी. यातलं काहीही बिघडू शकतं. पाऊस लांबला की पऱ्हे पिवळे पडतात. रोवणी उशिरा झाली की उतारा कमी. ऐन लोंब्या भरताना तुडतुडा येतो आणि चार दिवसांत बांधी जळाल्यासारखी दिसते. असा हंगाम गेला की घरात माणसं कमी बोलतात. उधारी वाढते. पण एक गोष्ट घडत नाही. हंगाम गेला म्हणून बांधी गायब होत नाही. पुढच्या मृगात ती तिथेच असते.

वाईट हंगाम सोसता येतो तो याच भरवशावर. माणूस पीक जाण्याचं दुःख पचवतो. पचवता येत नाही ते जमीन जाण्याचं. जो बटईने दुसऱ्याची शेती करतो त्याला हा फरक सगळ्यात नीट कळतो. त्याला दोन भीती असतात, एक पिकाची आणि एक पुढच्या वर्षी मालक शेत देईल का याची. दुसरी भीती असेल तर माणूस बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही. ज्या जमिनीवर पुढचं वर्ष नाही, तिच्यात कशाला जीव ओतायचा?

आपण संघाचे चाहते बहुतेक वेळा असे बटईदार असतो. घाम आपला, पण पुढच्या वर्षीचा निर्णय दुसऱ्याचा.

आता यावर कुणी म्हणेल, मालक तो मालक, त्याचा पैसा आहे. मान्य. पण मालकी म्हणजे सगळंच का? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आमच्या भागात जमिनीवर लिहिलेलं आहे.

तलाव कुणाचा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. बरेचसे जुन्या काळी बांधलेले, कोहळी समाजाचं त्यातलं काम प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या काळात तलाव मालगुजाराच्या मालकीचा असायचा. पण त्या तलावावर गावाचे हक्क होते. शेतीला पाणी, गुरांना पाणी, मासे. कुणी काय वापरायचं हे ठरलेलं असायचं आणि त्याची नोंद व्हायची. त्याला निस्तार हक्क म्हणतात. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द आजही महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात आहेत.

यातली कल्पना मला फार कामाची वाटते. मालक एक, पण वापराचा हक्क अनेकांचा. मालगुजार तलाव विकू शकेल, गहाण टाकू शकेल, पण गावाचं पाणी मनाला येईल तसं तोडणं त्याच्या मालकीत बसत नव्हतं. व्यवहारात अन्याय झाले असतील, मालगुजार काही संत नव्हते. पण निदान कागदावर तिसऱ्या पक्षाला खुर्ची होती.

पुढे १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालक बदलला, तलाव आणि निस्तार राहिला. पण अनेक तलावांत गाळ साचत गेला, कारण रोज बघणारं कुणी राहिलं नाही. म्हणजे नुसता हक्क पुरत नाही, काळजी घेणाराही लागतो. हे दोन्ही मुद्दे मी सोबत ठेवतो, कारण पुढे लागणार आहेत.

तर माझं म्हणणं असं. ज्या संघाने एका शहराचं नाव लावलं, लोकांना 'हा तुमचा संघ' असं सांगितलं, त्यांची संध्याकाळ, पैसे आणि आवाज घेतला, त्या संघावर लोकांचा एक निस्तार हक्क तयार होतो. तो विजयाचा हक्क नाही. जिंकून देण्याचं वचन कुणीच देऊ शकत नाही, आणि असं वचन मागणं म्हणजे खेळच बंद करणं. तो हक्क पुढच्या हंगामाचा आहे. संघ चाहत्यांचं जे देणं लागतो ते एवढंच: हरलो तरी पुढच्या वर्षी आम्ही इथेच असू.

साठ वर्षं हरायला जागा

याचं चांगलं उदाहरण आमच्या घराजवळ आहे. विदर्भाचा रणजी संघ १९५७-५८ पासून खेळतो आहे. ६० वर्षं या संघाने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. मुंबई, कर्नाटक, दिल्लीसाठी विदर्भ म्हणजे गुणांची सोय. मग २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार, ३९ वर्षांचा वसीम जाफर सोबतीला, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार. २०२४-२५ मध्ये नागपूरलाच केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर पुन्हा विजेते.

गुरबानी इंजिनिअर आहे, हे मला विशेष आवडतं. पण मुद्दा वेगळा आहे. हा संघ फ्रँचायझी असता तर १९६५ लाच बंद झाला असता. ६० वर्षांत तो का बंद झाला नाही? कारण तो विकत घेतलेला नव्हता. असोसिएशनचा संघ होता. त्याला हरायला जागा होती. आणि हरायला जागा होती म्हणूनच शिकायलाही जागा होती.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. असोसिएशन म्हणजे आदर्श नव्हे. भारतातल्या क्रिकेट संघटनांचा कारभार सुधारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला लोढा समिती नेमावी लागली. बंद होण्याची भीती नसली की आळसही येतो, तलावात गाळ साचतो तसा. शिवाय विदर्भासारख्या संघटनांकडे पैसा येतो तो बीसीसीआयकडून, आणि बीसीसीआयच्या तिजोरीत मोठा वाटा आयपीएलचा. म्हणजे कायम टिकणाऱ्या संघाला खतपाणी घालणारा पैसा काही अंशी त्याच बाजारातून येतो, ज्याने पुण्याचा संघ गिळला. त्यामुळे 'बाजार वाईट, संघटना चांगली' एवढं सोपं गणित मी मांडत नाही.

माझा प्रश्न एवढाच: बाजारात उतरलेल्या संघालाही निस्तार पत्रक लावता येईल का?

जगात काय झालं

बास्केटबॉलमधलं एक प्रकरण बघू. अमेरिकेतलं सिएटल शहर. तिथला सुपरसोनिक्स हा एनबीएचा संघ १९६७ पासून होता, १९७९ मध्ये विजेता. २००७-०८ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले. त्याच वर्षी केव्हिन ड्युरंट नावाचा नवा पोरगा संघात आला होता. पण नव्या मालकांना संघ ओक्लाहोमा सिटीला न्यायचा होता. हंगामभर लोक तिकीट काढून येत राहिले, हे माहीत असूनही. एप्रिल २००८ मध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना सिएटलने डॅलसविरुद्ध ९९-९५ असा जिंकला. गहुंजेची आठवण येते ना?

जुलैमध्ये शहर आणि मालक यांच्यात तडजोड झाली. शहराला भरपाई मिळाली, आणि संघाचं नाव, रंग, चिन्ह सिएटलसाठी राखून ठेवण्यात आलं. खेळाडू गेले, करार गेले, नाव राहिलं. ओक्लाहोमाचा तो संघ २०२५ मध्ये एनबीएचा विजेता ठरला. कंपनी तीच. पण सिएटलमध्ये तो दिवस आपल्या विजयाचा म्हणून कोण साजरा करणार? यावरून कळतं की, मालक ज्याला 'संघ' म्हणतो आणि लोक ज्याला 'संघ' म्हणतात, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली उचलून नेता येते, दुसरी नाही.

लंडनमध्ये विम्बल्डनच्या चाहत्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. २००२ मध्ये त्यांचा फुटबॉल क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन क्लब काढला, खेळाडू निवडायला मैदानात खुली चाचणी घेतली, आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये पोचले. त्याच वर्षी पुणे वॉरियर्सचा पहिला हंगाम सुरू होत होता. जर्मनीत तर लीगचाच नियम आहे की, क्लबच्या सभासदांकडे मताधिकाराचा निम्म्याहून जास्त वाटा राहिला पाहिजे. मोजके अपवाद सोडले तर पैसेवाला येऊ शकतो, पण एकट्याने कुलूप लावू शकत नाही.

म्हणजे निस्तार हक्काची कल्पना स्वप्नातली नाही. वेगवेगळ्या रूपात ती जगात आहे. कुठे नावावर हक्क, कुठे मतावर, कुठे सरळ नवा संघ उभा करण्याची हिंमत.

पण जिंकले असते तर?

एक शंका राहते. पुणे वॉरियर्स जिंकत असते तर लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं असतं, पुढचा हंगामही मिळाला असता, मग शेवटी सगळं जिंकण्यावरच येतं ना?

याचं उत्तर पुण्यानेच दिलं आहे. २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं पुण्याला दुसरा संघ मिळाला, रायझिंग पुणे सुपरजायंट. दुसऱ्या वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला आणि मुंबईकडून एका धावेने हरला. एक धाव! यापेक्षा जवळ जाता येत नाही. आज तुमच्या ओळखीत या संघाचा जुना टी-शर्ट घालणारा कुणी आहे? हा संघ मुळातच दोन वर्षांच्या मुदतीवर आला होता, निलंबित झालेल्या चेन्नई आणि राजस्थानच्या जागी. लोक बघायला आले, पण मूळ धरलं नाही.

आणि चेन्नई? दोन वर्षं संघच नव्हता. पण परत येणार हे माहीत होतं. २०१८ मध्ये परत आले तेव्हा चाहते होते तिथेच होते. निष्ठेला विजय लागतो असं आपल्याला वाटतं. मला वाटतं तिला तारीख लागते, परत भेटण्याची.

आमच्या धंद्यातली गोष्ट

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने केलेलं एक छोटं बिलिंग अ‍ॅप बंद करायचा निर्णय वरून आला. वापरणारे बहुतेक लहान दुकानदार. आकडे वाईट होते हे खरं. तीन तिमाही सलग. बंद करण्यात गैर काही नव्हतं.

वाद झाला तो कसं बंद करायचं यावर. एक मत असं होतं की, तीस दिवसांची नोटीस अ‍ॅपमध्ये दाखवू आणि सर्व्हर बंद. आमच्यातल्या दोघातिघांचं म्हणणं होतं, सहा महिने द्या, सगळी बिलं एका क्लिकमध्ये एक्सेलमध्ये उतरवता येतील अशी सोय करा, आणि मराठी-हिंदीत समजेल असं लिहून कळवा. खर्च वाढणार होता. बैठकीत कुणीतरी विचारलं, "आपण यांचं काय देणं लागतो? फुकटच तर वापरत होते."

त्या दुकानदारांनी आमच्यावर भरवसा ठेवून वह्या फेकल्या होत्या, एवढं तरी देणं लागत होतोच. शेवटी चार महिने मिळाले आणि एक्सेलची सोय झाली. मोठा विजय नव्हे. पण त्या चार महिन्यांत कुणाची वही कोरी राहिली नाही.

हे सांगायचं कारण असं की, पुढच्या हंगामाचं देणं म्हणजे कायम चालूच ठेवणं असं मी म्हणत नाही. गोष्टी संपतात. संघ, अ‍ॅप, कंपन्या, नोकऱ्या संपतात. पण संपवतानाही दोन रीती आहेत. एक, मालक आणि बोर्ड यांच्यात पत्रं फिरतात आणि आपल्याला बातमीतून कळतं. दुसरी, जे थांबले होते त्यांना आधी सांगायचं, त्यांचं जे आहे ते त्यांच्या हातात द्यायचं, आणि नाव तरी मागे ठेवायचं. पहिल्या रीतीत आपण गिऱ्हाईक असतो. दुसऱ्या रीतीत आपला हिस्सा मानलेला असतो.

नवीन पोरांसाठी

आता दर वर्षी नवी लीग येते. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग आली, २०२५ मध्ये विदर्भ प्रो टी-२०. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सगळ्यांच्या लीग आहेत. चकचकीत नावं, जर्सी, रील्स. अर्जुनीतला आजचा चौदा वर्षांचा पोरगा मोबाइलवर यातला एखादा संघ निवडेल, आम्ही निवडला तसाच, फारसं कारण नसताना. निवडू दे. आपला संघ असण्यात एक मजा आहे, हरण्यातही आहे, आणि पानठेल्यावर चार शिव्या खाण्यातही आहे.

मी त्याला 'जिंकणारा संघ निवड' असं सांगणार नाही. 'भावनेत अडकू नको' असंही नाही. त्याला एवढंच विचारायला सांगेन की, या संघाचा हंगाम वाईट गेला तर पुढच्या वर्षी तो असेल का, आणि नसेल तर ते ठरवताना आपल्याला कुणी विचारेल का? उत्तर 'नाही' असलं तरी टाळ्या वाजवायला हरकत नाही. फक्त टाळ्या वाजवताना माहीत असावं की बांधी बटईची आहे. आणि उत्तर 'हो' असेल, मग तो संघ जिल्ह्याचा असो, गावातल्या कबड्डी मंडळाचा असो, तर तिथे मात्र नुसत्या टाळ्यांवर भागवू नये. वर्गणी द्यावी, मिटिंगला जावं, भांडावं. गाळ काढायला कुणीतरी लागतंच.

आणि गहुंजेतल्या त्या ३८ धावांचं म्हणाल, तर तो विजय मी त्या दिवशी मैदानावर असलेल्या अकरा जणांच्या नावावर टाकतो. मालकाचं मन करारात होतं आणि तक्त्याला फरक पडणार नव्हता. तरी ते असे खेळले, जणू पुढचा हंगाम आहे. देणं कसं फेडतात हे त्यांना कळलं होतं. ते फेडायची जबाबदारी मात्र त्यांची एकट्याची नव्हती.